व्हरांड्यातली तपासणी

"सदरा वर कर."

डॉक्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी खाली, उन्हात. मधे दगडी पायऱ्या. मी सदरा वर केला नाही. उलट दोन्ही हातांनी खाली ओढून धरला.

हेडमास्तर म्हणाले, "ऐकू येत नाही का रे?"

मी सदरा वर केला. कापड हनुवटीखाली दाबून धरलं.

डॉक्टरांनी मान पुढं काढली. हेडमास्तरांच्या हातातली छडी मागून घेतली आणि बसल्या जागेवरून तिचं टोक माझ्या छातीला लावलं. डाव्या बाजूला. नेमकं तिथंच. कळ डोक्यात गेली. मी मागं सरलो. छडी पुढं आली.

"हे काय आहे?"

मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर सदरा धरून कशाला ठेवला असता?

डॉक्टर हसले. रागानं नाही. अंगणात एखादं कोकरू धडपडावं आणि त्याच्याकडं बघून हसावं, तसे. मग हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "याला शाळेत कशाला घेतलात? लुगडं नेसवा आणि यल्लमाला धाडा. तिकडं उपयोग होईल."

खिडक्यांत मुलं होती. सगळी शाळा हसली. हेडमास्तरही हसले. छडी परत त्यांच्या हातात गेली आणि त्यांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली.

मी तेरा वर्षांचा होतो. दुसरी मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. आमचं गाव वारणेच्या काठाला आणि शाळा तालुक्याच्या गावात. त्या शाळेचं नाव मी सांगत नाही. माझ्या भावाची नातवंडं आज तिथं शिकतात.

वर्षातनं एकदा सांगलीहून हे डॉक्टर मोटारनं यायचे. मोठे गृहस्थ. खादी घालायचे. पोरांची शरीरं सुधारली तर देश सुधारेल असं भाषणात सांगायचे. प्रत्येक मुलाला हेडमास्तरांच्या खोलीत एकेकटं घ्यायचे. दाराला पडदा लावलेला असायचा. वजन, उंची, दात, डोळे, छातीला नळी लावून बघणं. मोठ्या वर्गातल्या मुलांना तिथंच बसवून चार गोष्टी सांगायचे. आवाज का फुटतो, मिसरूड कधी फुटतं, अंगात काय काय बदलतं, स्वच्छ कसं राहावं, कशाला घाबरू नये. आरोग्याचा धडा म्हणायचे त्याला. मुलं आतनं बाहेर यायची ती गंभीर होऊन, जरा मोठी होऊन.

आम्ही खालच्या वाड्यातले तिघं होतो. आमची तपासणी शेवटी, व्हरांड्याखाली. वजन नाही, नळी नाही, धडा नाही. जीभ दाखव, हात दाखव, वळ, जा. खरूज आहे का तेवढं लांबून बघायचे, कारण ती दुसऱ्या मुलांना लागते.

त्या वर्षी तपासणीच्या दिवशी सकाळी मी छातीवरनं चिंधी बांधून आलो होतो. रांगेत उभं राहण्याआधी ती सोडून मी चड्डीच्या खिशात कोंबली होती. चिंधी दिसली तर विचारतील म्हणून.

ती गाठ मला सुगीच्या आधी कळली होती. सरपणाचा भारा छातीशी धरून उचलत होतो. असं दुखलं की भारा पायावर पडला. हात लावून बघितलं तर डाव्या बाजूला, कातडीच्या खाली, बोराएवढं काहीतरी. हलवलं की हलायचं. दाबलं की डोळ्यांत पाणी. काही दिवसांनी उजव्या बाजूलाही लहान एक आली. त्याच सुमाराला आवाज बिघडला. बोलायला जावं तर मधेच चिरकायचा. मी बोलणं कमी केलं.

माझ्या चुलत्याच्या मानेला गाठी झाल्या होत्या आणि तो वर्षात गेला. म्हणून पहिली भीती मरणाची. मी मरणार, हे मी कुणाला सांगितलं नाही. आयच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि छातीवर करकचून आवळली. दाबून ठेवली तर जिरेल असं वाटायचं. जास्त दुखायला लागलं. पालथं झोपता येईना.

दुसरी भीती त्याहून मोठी होती. तिचं नाव मी मनातही घेत नव्हतो. ते नाव डॉक्टरांनी सगळ्या शाळेसमोर घेतलं.

आमच्याकडं कर्नाटकाची हद्द जवळ. यल्लमा देवीचा धाक सगळ्या वाड्यांवर. एखाद्या पोराच्या डोक्यात जट आली, एखादं पोरगं बाईसारखं चालायला लागलं, अंगात काही वेगळं दिसलं, की देवीनं बोलावलं म्हणायचे. मग त्याला देवीला सोडायचं. गळ्यात मोती बांधायचे, लुगडं नेसवायचं. पुढं जन्मभर त्यानं डोक्यावर देवीचा जग, म्हणजे टोपलीतली मूर्ती, घेऊन दारोदार जोगवा मागायचा. घर सुटलं, शाळा सुटली, नाव बदललं.

आमच्या वाड्यात गंगाक्का होती. बाप्याच्या अंगाची, लुगडं नेसायची, कपाळभर भंडारा. लहानपणी जट आली म्हणून सोडलेली. सगळे तिला 'ती' म्हणायचे. ती माणूस चांगली होती. मला कैक वेळा तिनं जोगव्यातला गूळ दिलेला. मला तिची भीती कधी वाटली नव्हती. गाठ आल्यापासून मात्र ती बोळात दिसली की मी मागं फिरायचो. तिनं बघितलं तर तिला कळेल, असं वाटायचं.

त्या दिवशी मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. वरल्या आळीतली पोरं माझ्या पुढं पळत गेली होती. आय दारात बसलेली.

"सदरा काड," ती म्हणाली.

मी काढला. ती जवळ आली. वाकून बघितलं. मला वाटलं आता ती हात लावेल. लहानपणी कुठं लागलं तर लावायची तसा. तिनं हात लावला नाही. हात जोडले. माझ्या छातीला हात जोडले आणि कपाळ जमिनीला टेकलं.

मी पळून परसात गेलो आणि भिंतीला पाठ लावून बसलो. 

माझा बा गावचा येसकर. वेशीवर राखण करायची, पाटलाचा निरोप घेऊन पळायचं, वर्षाला घरटी धान्य मिळायचं. त्याला दुसऱ्या दिवशी पाटलानं चावडीपुढं बोलावलं. मी लांब उभा होतो, ऐकू येत होतं.

"काय रं, तुझ्या पोरग्याला देवीनं धरलंय म्हणं?"

"काय की मालक."

"काय की काय? सांगलीचा डाक्टर सोताच्या तोंडानं बोललाय. एवढा शिकल्याला माणूस. देवीचं घरात दडवून ठेवू नगंस. गावावर येतंय त्ये."

"व्हय मालक."

एवढंच बोलणं. डॉक्टरांनी केली होती ती थट्टा. ती थट्टा मोटारीतनं उतरली आणि चालत चालत चावडीवर येऊन निकाल झाली. शिकलेला माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणत होते सगळे. बा म्हणत होता, आय म्हणत होती. मीसुद्धा म्हणत होतो.

माघी पुनव ठरली. आयनं कुठनंसं हिरवं लुगडं आणून उतरंडीवर ठेवलं. मी त्या बाजूला बघत नव्हतो. जेवताना भिंतीकडं तोंड करून बसायचो.

बा म्हणाला, "आता साळंचं काय काम?" आय म्हणाली, "तवर जाऊ द्या त्येला. तेवढंच." म्हणून मी जात राहिलो. शाळेत मुलं मला बाईच्या नावानं हाक मारायची. मी वर बघत नव्हतो. पाटीवर अक्षरं काढायचो, पुसायचो, काढायचो. लुगड्याची लाज वाटत होती असं नाही. गंगाक्कासारखी जगणारी माणसं मला परकी नव्हती. भीती याची होती, की मला उचलून कुठंतरी ठेवणार आणि मी काही म्हणायच्या आत ते होऊन जाणार. मी कसा आहे, मला काय होतंय, हे माझ्याशिवाय सगळे ठरवून बसले होते. मी एकटाच काही जाणत नव्हतो.

शाळेमागं विहीर होती. आम्हाला शिवायची बंदी. तहान लागली की कुणीतरी वरनं ओंजळीत पाणी ओतेपर्यंत थांबायचं. एका दुपारी मी असाच थांबलो होतो. कवायत संपून मुलं वर्गात गेली होती. वकिलाचा मधू मागं राहिला होता. माझ्याच वर्गातला. पुढच्या बाकावर बसायचा. हुशार, गोरा, जरा भित्रा. त्यानं पोहरा ओढला आणि मला पाणी घातलं. मी पिऊन झालो तरी तो जाईना.

"तुला अजून दुखतं का?" त्यानं विचारलं.

 मला वाटलं, हाही हसणार.

त्यानं आजूबाजूला बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मलाही आहे. दोन्हीकडं."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. पाणी कोपरावरनं गळत होतं.

"घाबरू नको. डॉक्टरकाका म्हणाले, या वयात पुष्कळ मुलांना होतं. मुलगा मोठा व्हायला लागला की अंगात फरक पडतात, त्यातलाच एक. दाबायचं नाही, बांधायचं नाही. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. रोग नाही म्हणाले."

"कवा म्हणाले?"

"त्याच दिवशी. आत. तुला बाहेर बघितलं ना, त्याच्या आधी."

 मी विहिरीपासल्या दगडावर बसलो. मरणार नाही. रोग नाही. देवी नाही. पुष्कळ मुलांना होतं. इतके महिने मी जे चिंधीनं आवळून फिरत होतो ते सर्दी-पडशासारखं होतं. मला हसू येत होतं आणि रडू येत होतं आणि दोन्ही येत नव्हतं.

मग मी विचारलं, "मग मला का न्हाई सांगितलं त्येंनी?"

मधूनं खरंच विचार केला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाला, "तुला आत कसं घेतील?"

आणि वर्गाकडं पळाला.

मी तिथंच बसून राहिलो. ते वाक्य मला आधी नीट कळलंच नाही. मग कळायला लागलं. डॉक्टरांना माहीत होतं. छडी लावली तेव्हा माहीत होतं. "हे काय आहे" असं विचारलं तेव्हा माहीत होतं. थोड्याच वेळापूर्वी पडद्याआड, एका घाबरलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवून ते सांगून आले होते. एक वाक्य. तेच वाक्य मला सांगायला किती वेळ लागला असता? ते त्यांनी आत ठेवलं आणि माझ्यापुढं हसू टाकलं.

तोवर मला वाटायचं, आपण अडाणी म्हणून घाबरतो. त्या दिवशी कळलं, आम्हाला घाबरलेलं ठेवलं जातं.

घरी जाऊन सांगितलं. बा म्हणाला, "वकिलाचं पोरगं त्ये. त्येंच्या अंगाचं येगळं, आपल्या अंगाचं येगळं." मी म्हणालो, "डाक्टरलाच इचारू." बा दचकला. सायबाला जाऊन विचारायचं, हे त्याला देवीपेक्षा भयंकर वाटलं. आयच म्हणाली, "जावा. एकडाव इचारून या. इचारल्यानं काय हुतंय?" तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा वेगळं काहीतरी बघितलं. तिलाही मला द्यायचं नव्हतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

सांगलीला चालत गेलो. कृष्णेच्या पुलावर बा दोनदा थांबला. "परत फिरू या का?" म्हणाला. मी पुढं चालत राहिलो म्हणून तो आला. भीती मलाही होती. वाटेत एकदा ओकलोही.

दवाखान्यात बाकावर माणसं बसली होती. आम्ही पायऱ्यांखाली उभे राहिलो. दुपार होईपर्यंत कुणी विचारलं नाही. मग डॉक्टर हात पुसत दारात आले.

"काय रे?"

बानं हात जोडले.  म्हणाला, "सायेब, ह्यो माजा पोरगा. साळंत तुमी बगितला. द्येवीला सोडाया लागंल म्हणत्यात. तुमी सांगाल तसं करतो."

डॉक्टरांना काही आठवेना. माझं सगळं आयुष्य ज्या वाक्यानं फिरलं होतं ते वाक्य त्यांना आठवत नव्हतं. मग आठवलं. तोंडावर तेच हसू आलं.

"अरे, तो होय? हे बघ, तुमच्या देवाधर्मात मी पडत नाही. तुमच्यात चाल असेल तसं करा."

बा म्हणाला, "व्हय सायेब." आणि वळला.

माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.  बाकावरची सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. मी म्हणालो, आवाज मधेच चिरकला तरी म्हणालो, "वकिलाच्या मधूला पण हाय. त्येला तुमी सांगितलं, आपोआप जातं. रोग न्हाई म्हणला. माझ्या बाला पण सांगा."

हसू गेलं. "कुणाशी बरोबरी करतोस?"

"बरोबरी न्हाई करत. खोटं हाय का त्ये, तेवढंच सांगा."

बानं माझ्या डोक्यात मारलं. "चुकलं सायेब, पोर हाय, चुकलं," म्हणत तो मला दंडाला धरून ओढायला लागला. मी मान वळवून डॉक्टरांकडं बघत राहिलो. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग आत गेले. पडदा पडला.

परत पुलावर येईपर्यंत बा माझा दंड धरून भराभर चालला. मला वाटलं, आता मारणार. तो कठड्याला टेकून खाली बसला. तंबाखू काढली, मळली, तोंडात टाकलीच नाही.

"त्यो खोटं हाय म्हणला न्हाई," बा म्हणाला.

त्यानं हातातली तंबाखू झटकली.

"म्हणता आलं आसतं की त्येला. आमास्नी काय कळतंय? पर म्हणला न्हाई." मग उठता उठता, "पर गावाला काय सांगू रं मी?"

 पुनव जवळ आली होती.

पुनवेच्या दिवशी सकाळी चावडीपुढच्या पटांगणात माणसं जमली. वरची माणसं कट्ट्यावर, आमची खाली. गंगाक्का मोत्यांची माळ परडीत घेऊन आली. चौंडकं वाजत होतं. हिरवं लुगडं आयच्या हातात. मला अंघोळ घालून, अंगाला हळद लावून मधे उभं केलं होतं. कमरेवर उघडा. माझ्या गाठी सगळ्या गावाला दिसत होत्या.

मला इतकी भीती त्याआधी कधी वाटली नाही आणि त्यानंतरही नाही. कान बंद झाल्यासारखे झाले.  गंगाक्का पुढं आली. तिनं माळ उचलली. तिच्या हातावरचे केस मला दिसले, बांगड्यांच्या वर.

मी म्हणालो, "मी न्हाई."

चौंडकं थांबलं नाही. मी पुन्हा म्हणालो. "मी न्हाई येणार. मला देवीनं धरलं न्हाई. मी मोठा हुतोय म्हणून हाय ह्ये. पुष्कळ पोरांस्नी हुतंय. डाक्टरला ठावं हाय."

आता थांबलं. पाटील कट्ट्यावरनं म्हणाला, "येसकरा, पोरग्याला आवर."

बा खाली मान घालून उभा होता. त्यानं मला आवरलं नाही. जागचा हलला नाही. येसकरानं पाटलाचं ऐकलं नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"बांद गं ती माळ," पाटील गंगाक्काला म्हणाला.

गंगाक्का माझ्याकडं बघत होती. तिनं माळ परत परडीत ठेवली.

"पोरगं न्हाई म्हणतंय," ती म्हणाली. "मला बांदली तवा मी ह्येच्यापेक्षा ल्हान हुतो. लय रडलो. कुणी इचारलं न्हाई मला. मी बांदणार न्हाई."

"तू कोण ठरवणार?"

"मी कुणी न्हाई." तिनं परडी कट्ट्याच्या कडेला नेऊन ठेवली. "तुमी बांदा."

कट्ट्यावर कुणी हललं नाही. माळ बांधायची म्हणजे माझ्या गळ्याला हात लावायचा. महाराच्या पोराच्या गळ्याला. पाटलानं परडीकडं बघितलं, मग बाजूच्या माणसांकडं. त्यांनी दुसरीकडं बघितलं. ऊन वर येत होतं. आयनं पुढं येऊन ते लुगडं माझ्या उघड्या अंगावर टाकलं, नेसवलं नाही, नुसतं पांघरलं, आणि मला धरून घराकडं चालायला लागली. तिचा हात माझ्या दंडावर घट्ट होता.

त्याची किंमत आम्ही भरली. बाची येसकरकी गेली, धान्य थांबलं. त्या उन्हाळ्यात गुरांना लाळीचा रोग आला तोही आमच्याच नावावर. गंगाक्काला वरल्या आळीत जोगवा घालायचं बंद झालं. ती पुढं शिराळ्याकडं गेली आणि परत आली नाही. आय मरेपर्यंत दर मंगळवारी देवीपुढं नाक घासायची. तिची भीती मला कधीच काढता आली नाही. गाठी दुसऱ्या उन्हाळ्यात गेल्या, एक आधी, एक मागनं. मला आनंद झाला नाही. मला त्यांचा राग नव्हताच.

मधूशी मी त्यानंतर फारसा बोललो नाही. त्यानं मला पाणी घातलं होतं आणि खरं सांगितलं होतं. पण 'तुला आत कसं घेतील' हे त्यानं ज्या शांतपणानं म्हटलं, ते मला छडीपेक्षा जास्त लागलं. छडीला निदान आपण छडी आहोत हे ठाऊक असतं.

पुढं मी साताऱ्याला गेलो. गरीब मुलांचं वसतिगृह होतं, तिथं राहून मोठ्या शाळेत शिकायला लागलो. तिथं कुणी व्हरांड्याखाली उभं करत नव्हतं. एकत्र जेवायचो. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या वर्षी शाळेत तपासणी झाली. सरकारी डॉक्टर होते, तरुण, कोट घातलेले. आधी सातारा गावातली मुलं आत गेली, एकेक, दार लावून, सावकाश. मग वसतिगृहाची रांग, दार उघडंच. मी पुढं होतो, माझ्या मागं लहान मुलं. माणची, खटावची, पाटणच्या डोंगरातली. स्टुलावर बसलो. डॉक्टरांनी वर बघितलं, माझ्या कपड्यांकडं, पायांकडं.

"खेड्यातली मुलं तुम्ही. धडधाकट असता. काही तक्रार नाही ना? जा. पुढचा."

हसले नाहीत. वाईट बोलले नाहीत. फक्त तपासलं नाही.

माझ्या मागं ती पोरं उभी होती. त्यातल्या कुणाच्या पोटात कसली भीती होती मला ठाऊक नव्हतं. पण होती. त्या वयात सगळ्यांच्याच पोटात असते, आणि ती काढायचं वाक्य या टेबलापलीकडं होतं. नुसतं मागं बसलेलं, न बोललेलं.

मी उठलो नाही.

"झालं तुझं."

"नाही झालं," मी म्हणालो. "तुम्ही हात लावला नाही."

मागं कुजबुज झाली. मास्तर दारातनं आत आले. डॉक्टरांनी चष्मा काढला.  तीच भीती, तीच कोरडी जीभ. ती गेलीच नव्हती. अजूनही जात नाही. पण आता मला कळलं होतं, की ती असताना बोलता येतं.

मी माझ्या हातानं सदऱ्याची बटणं काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

"हात लावून तपासा," मी म्हणालो. "आधीच्यांना जे सांगितलं ते मला सांगा. मग ह्यांना. एकेकट्याला, दार लावून."

"नाव काय तुझं?" मास्तरांनी विचारलं.

मी नाव सांगितलं. गाव सांगितलं. तिसरं विचारायच्या आधी जातही सांगितली.

 मी सदरा मांडीवर घडी करून ठेवला आणि स्टुलावर नीट बसलो. मास्तर मारतील, नाव काढून टाकतील, घरी धाडतील, सगळं डोळ्यांपुढं येत होतं. येऊ दे. हात लागल्याशिवाय मी उठणार नव्हतो.